दाराबाहेरचे योद्धे

ज्याच्या अंगी गुण आहे तो आज ना उद्या वर येणारच, हे वाक्य आपल्या समाजात इतक्या श्रद्धेने उच्चारले जाते की त्याची परीक्षा घ्यावी असे कोणाच्या मनातही येत नाही. शाळेच्या बक्षीस समारंभात ते ऐकू येते, नोकरी न मिळालेल्या मुलाची समजूत काढताना ऐकू येते. आम्ही धर्मगुरू मंडळी तर प्रवचनातून ते अधूनमधून सांगतच असतो. या वाक्यात तथ्य किती आणि दिलासा किती, याचा शोध घेताना आम्ही ज्या क्षेत्रात जाऊन पोहोचलो, ते वाचकांना कदाचित विचित्र वाटेल. ते क्षेत्र म्हणजे मुष्टियुद्ध. झग्यातल्या माणसाला ठोसाठोशीचे कसले कौतुक, असे कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच, की गुण आणि नशीब यांची गाठ इतक्या उघडपणे दुसऱ्या खेळात क्वचितच दिसते. दोन माणसे, हातमोज्यांच्या दोन जोड्या आणि दोरांनी वेढलेली एक चौकट. सबब सांगायला सोबती नाहीत, दोष द्यायला खेळपट्टी नाही. येथे तरी जो श्रेष्ठ तोच शिखरावर जात असेल, असे वाटावे. प्रत्यक्षात घडते ते निराळेच.

या खेळाची गोडी आम्हांला सेमिनरीत असल्यापासूनची. तेव्हा आमची ओळख अर्थातच मोठ्या नावांपुरती होती. महंमद अली, जो फ्रेझर आणि पुढे माइक टायसन यांच्यापलीकडे आमचे ज्ञान गेले नव्हते. पुष्कळ वर्षांनी ‘फेन्सेस’ हा २०१६ सालचा चित्रपट आमच्या पाहण्यात आला. ऑगस्ट विल्सन या कृष्णवर्णीय नाटककाराच्या नाटकावरून तो काढलेला आहे. त्याचा नायक ट्रॉय पिट्सबर्ग शहरात कचरा उचलण्याचे काम करतो. तरुणपणी तो बेसबॉलचा असामान्य खेळाडू होता, पण काळ्या कातडीमुळे मोठ्या संघांची दारे त्याला बंद राहिली आणि ती उघडली तेव्हा त्याचे वय उलटून गेले होते. चित्रपट संपल्यावर आम्ही या पात्राचे मूळ शोधू लागलो, तेव्हा एक नाव हाती लागले. विल्सन लहानाचे मोठे झाले त्या वस्तीत राहणारा चार्ली बर्ली. बेसबॉल खेळणाऱ्या ट्रॉयच्या घडणीत या शेजाऱ्याचा अंश होता. तो मात्र मुष्टियोद्धा होता, आणि निवृत्तीनंतर त्याने पिट्सबर्गमध्ये खरोखरच कचरा उचलण्याची नोकरी केली.

बर्लीचा जन्म १९१७ सालचा, पेनसिल्व्हेनिया राज्यातला. १९३६ साली हिटलरच्या बर्लिनमध्ये ऑलिंपिक भरले, तेव्हा त्याच्या निषेधार्थ स्पेनमधील बार्सिलोना येथे पर्यायी क्रीडामेळा योजला होता. तेथे गेलेल्या अमेरिकन खेळाडूंत हा एकोणीस वर्षांचाही न झालेला मुलगा होता. मेळा सुरू होण्याआधीच स्पेनमध्ये यादवी पेटली आणि तो न खेळताच परतला. त्याच्या साऱ्या आयुष्याचे जणू सूत्रच येथे दिसते. मैदानापर्यंत पोहोचायचे आणि खेळ रद्द झाल्याचे ऐकायचे.

व्यावसायिक म्हणून तो सुमारे शंभर लढती लढला आणि त्यांतल्या ऐंशीहून अधिक जिंकला. फ्रिट्झी झिविक या गावकऱ्याशी त्याच्या तीन लढती झाल्या. दोन बर्लीने जिंकल्या. पुढे १९४० साली झिविक वेल्टरवेट गटाचा जगज्जेता झाला, पण जगज्जेता झाल्यावर त्याने बर्लीला रिंगणात घेतले नाही. झिविकच्या बाजूच्या मंडळींनी बर्लीचा करारच विकत घेऊन टाकला आणि ही पीडा कायमची मिटवली, अशी कथा मुष्टियुद्धाच्या जगात आजही सांगितली जाते. एप्रिल १९४४ मध्ये हॉलिवूड येथे त्याने आर्ची मूर या नामांकित योद्ध्याला एकाहून अधिक वेळा खाली पाडून गुणांवर हरवले. इतके करूनही जगज्जेतेपदासाठी लढण्याची संधी त्याला एकदाही मिळाली नाही. सामने हरल्यामुळे संधी हुकली म्हणावे तर, तो हरला फारच थोडे. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की १९४२ साली एझर्ड चार्ल्स या तरुणाने त्याला दोनदा हरवले होते. या चार्ल्सकडे आपल्याला पुढे वळायचे आहे, कारण त्याची कहाणी अधिकच विचार करायला लावणारी आहे.

हे असे का घडावे? येथे आपल्या मातीतल्या कुस्तीची आठवण होते. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत मल्ल एकेक फेरी पार करीत जातो. गादीवरचा विजेता आणि मातीवरचा विजेता शेवटी समोरासमोर येतात. तेथे समोरचा मल्ल अवघड आहे म्हणून मला नको, असे म्हणण्याची सोय नाही. जत्रेतल्या फडाची गोष्ट वेगळी. तेथे जोड ठरवावी लागते, इनाम ठरवावे लागते आणि कोणाची कोणाशी लावायची हे फड भरवणारे पाहतात. व्यावसायिक मुष्टियुद्ध हा जगातला सर्वांत मोठा असा फड आहे. येथे वेळापत्रक नाही, साखळी सामने नाहीत. दोन्ही बाजूंच्या सह्या कागदावर पडल्याशिवाय लढतच होत नाही. जगज्जेत्याचा मॅनेजर साधा हिशेब करतो: या आव्हानवीराशी लढलो तर पैसा किती आणि धोका किती? पैसा मोठा आणि धोका लहान, तर सही. पैसा थोडा आणि धोका मोठा, तर काही ना काही निमित्त. अशा बाजारात जो माणूस फार चांगला आहे पण फार प्रसिद्ध नाही, त्याची अवस्था सर्वांत वाईट. त्याचा गुण हाच त्याचा अडसर ठरतो.

या हिशेबात वर्णभेदाने भर घातली. गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात बर्लीसारखे कृष्णवर्णीय योद्धे अमेरिकेत अनेक होते: होल्मन विल्यम्स, लॉइड मार्शल, एडी बुकर, कोको किड. गोरे विजेते त्यांना टाळत, म्हणून पोटासाठी ते एकमेकांशीच पुनःपुन्हा लढत. बर्ली आणि विल्यम्स यांची गाठ तर सात वेळा पडली. त्यातच दुसरे महायुद्ध आले. मिडलवेट गटाचा जगज्जेता टोनी झेल आणि वेल्टरवेटचा रेड कॉक्रेन हे दोघेही नौदलात गेले आणि त्यांची विजेतेपदे युद्ध संपेपर्यंत गोठवून ठेवण्यात आली. १९४६ साली ती पुन्हा पणाला लागली, तेव्हा बर्लीची ऐन उमेदीची वर्षे सरून गेली होती. यात कोणाचा दुष्टपणा होता असेही नाही. सैन्यात गेलेल्या माणसाचा मान राखणे योग्यच. पण एकाचा मान राखताना दुसऱ्याचे आयुष्य गोठते, हे पाहायला मात्र कोणी नव्हते.

त्याही आधीचे उदाहरण सॅम लँगफर्डचे आहे. कॅनडातील नोव्हा स्कॉशियात जन्मलेला हा बुटका, रुंद खांद्यांचा योद्धा १९०३ साली लाइटवेटच्या जगज्जेत्याला, जो गॅन्सला, हरवून बसला. पण त्या लढतीत विजेतेपद पणाला नव्हते. १९०६ साली त्याने आपल्याहून कितीतरी वजनदार अशा जॅक जॉन्सनशी पंधरा फेऱ्यांची झुंज दिली आणि तो हरला. पुढे १९०८ मध्ये जॉन्सन हेवीवेट गटाचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला. गोऱ्यांनी वर्षानुवर्षे बंद ठेवलेले दार त्याने आपल्या ठोशांनी उघडले होते. आपल्या मागून येणाऱ्या लँगफर्डला तो आत घेईल, अशी कोणाची अपेक्षा असेल तर ती व्यर्थ ठरली. १९१५ पर्यंतच्या आपल्या राजवटीत जॉन्सनने एक अपवाद वगळता कृष्णवर्णीय आव्हानवीराला संधी दिली नाही, आणि तो अपवाद लँगफर्ड नव्हता. गोऱ्या आव्हानवीराशी लढण्यात पैसा अधिक होता, धोका कमी होता. ज्याने स्वतः दाराबाहेर वाट पाहिली त्यानेच आत गेल्यावर कडी लावावी, ही गोष्ट आम्हांला या साऱ्या इतिहासात सर्वाधिक अस्वस्थ करते. जॉन्सनला दोष देणे सोपे आहे. आपल्या संस्थांत, आपल्या मंडळांत, झगडून जागा मिळवलेली माणसे पुढे कशी वागतात, हे ज्याने पाहिले आहे तो मात्र जपूनच दोष देईल. लँगफर्डची दृष्टी पुढे गेली. १९४४ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत तो एका पत्रकाराला दारिद्र्यात सापडला. त्या पत्रकाराच्या लेखानंतर लोकांनी वर्गणी काढली आणि १९५६ साली मृत्यू येईपर्यंत त्याची सोय लागली.

मग या फडात कोणालाच न्याय मिळत नाही काय? तसेही म्हणता येणार नाही. बर्लीकडून हरलेल्या आर्ची मूरचेच पाहा. तोही कृष्णवर्णीय, तोही वर्षानुवर्षे टाळला गेलेला. पण तो गप्प बसला नाही. आपल्याला डावलले जात आहे हे सांगणारी पत्रे त्याने वृत्तपत्रांच्या क्रीडालेखकांना धाडली. अखेर डिसेंबर १९५२ मध्ये, तिशीचा उत्तरार्ध गाठल्यावर, लाइट हेवीवेटच्या जगज्जेतेपदासाठी त्याला जोई मॅक्सिमसमोर उभे राहता आले. त्यासाठी त्याने जी किंमत मोजली ती ऐकण्यासारखी आहे. मॅक्सिमला एक लाख डॉलरची हमी देण्यात आली. मूरच्या स्वतःच्या हातात पडले सुमारे आठशे डॉलर. शिवाय मॅक्सिमच्याच मॅनेजरला आपल्या पुढील कमाईत वाटा द्यावा लागला. मूर जिंकला आणि जवळजवळ दहा वर्षे त्याने ते विजेतेपद सांभाळले. म्हणजे त्यालाही गुणाने आत नेले नाही. त्याला आत नेले गुण, पत्रे, विनोदबुद्धी आणि स्वतःचा जवळजवळ सारा मोबदला सोडण्याची तयारी या सर्वांनी मिळून. ज्याला बोलता येत नाही, मिरवता येत नाही, त्याने काय करावे?

आता एझर्ड चार्ल्सकडे वळू. मूरला त्याने तीनदा हरवले होते. लाइट हेवीवेट गटातला आजवरचा सर्वश्रेष्ठ योद्धा म्हणून अनेक जाणकार आज त्याचेच नाव घेतात. पण त्या गटाच्या जगज्जेतेपदासाठी लढण्याची संधी त्याला कधीच मिळाली नाही. म्हणून तो वरच्या वजनात गेला आणि १९४९ साली हेवीवेटचा विजेता झाला. येथे कोणी म्हणेल, मग झाले तर! त्याच्यासाठी दार उघडले. पण आत गेल्यावरही लोकांनी त्याला आपले म्हटले नाही. सप्टेंबर १९५० मध्ये त्याने जो लुईला हरवले. लुई हा साऱ्या अमेरिकेचा लाडका, पैशाच्या ओढीने उतारवयात रिंगणात परतलेला. त्याला हरवणे म्हणजे लोकांच्या तारुण्याच्या आठवणींना हरवणे होते. पंधरा फेऱ्या शास्त्रशुद्ध लढून चार्ल्सने विजय मिळवला आणि लोकांचे प्रेम गमावले.

त्याच्या थंड स्वागतामागे आणखी एक कारण सांगितले जाते. फेब्रुवारी १९४८ मध्ये शिकागो येथे चार्ल्सने सॅम बरूडी या तरुणाला बाद केले. बरूडी त्या आघातातून वाचला नाही. त्याचे वय अवघे वीस होते. त्यानंतर चार्ल्स पूर्वीसारखा तुटून पडेनासा झाला, प्रतिस्पर्धी डळमळू लागला की त्याचा हात आखडतो, असे त्याला जवळून पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. प्रेक्षकांना तो कंटाळवाणा वाटू लागला. आम्ही येथे क्षणभर थांबलो, आणि वाचकांनीही थांबावे अशी विनंती आहे. ज्या माणसाच्या हातून एक जीव गेला, त्याने पुढच्या वेळी हात आवरता घेतला, तर आपण त्याला माणुसकी म्हणू. तिकीट काढून बसलेला प्रेक्षक त्याला मिळमिळीतपणा म्हणतो. लोकप्रियता देणारे लोक काय मागतात, हे पाहिले म्हणजे ती न मिळणे हा प्रत्येक वेळी पराभवच असतो असे म्हणवत नाही. १९५४ साली रॉकी मार्सियानोसमोर पूर्ण पंधरा फेऱ्या उभा राहणारा एकमेव माणूस हाच चार्ल्स. पुढे स्नायू निकामी करणाऱ्या असाध्य व्याधीने त्याला चाकांच्या खुर्चीत बसवले आणि १९७५ साली तो गेला.

काळ बदलला, वर्णाची भिंत खचली, पण हिशेब तोच राहिला. मार्व्हिन हॅग्लर १९७३ साली व्यावसायिक झाला. जगज्जेतेपदाची पहिली लढत त्याला १९७९ साली मिळाली, तीही मॅसॅच्युसेट्सच्या वजनदार राजकीय नेत्यांनी शब्द टाकल्यावर. तू काळा आहेस, डावखुरा आहेस आणि चांगला आहेस, ही तुझी तीन पापे, अशा आशयाचे जो फ्रेझरने त्याला सुनावल्याचे सांगतात. डावखुऱ्याशी लढणे अवघड असते आणि दिसायलाही ते आकर्षक नसते, म्हणून त्याला सारेच टाळतात. दूरचित्रवाणी आल्यावर दिसण्याचे मोल आणखी वाढले. क्यूबाचा गिलेर्मो रिगोंडॉ हा २००० आणि २००४ या दोन ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता. तोही डावखुरा. एप्रिल २०१३ मध्ये न्यूयॉर्कला त्याने नोनिटो डोनेअर या लोकप्रिय विजेत्याला अक्षरशः धडे दिले. समोरच्याचा ठोसा हुकवणे ही या खेळातली सर्वांत कठीण विद्या. ती त्याच्याइतकी थोड्यांनाच साधली. पण हुकलेला ठोसा पडद्यावर दिसत नाही, बसलेला दिसतो. त्याला विकणे प्रमोटरांना जड जाऊ लागले. मायदेश सोडून आलेला, इंग्रजी न बोलणारा, मागे उभे राहायला आपले गाव नसलेला हा कलावंत जिंकूनही मागे पडला.

आपल्या देशाचे उदाहरण पाहायचे तर मेरी कोम यांचे पाहावे. २००२ ते २०१० या काळात त्यांनी पाच वेळा जगज्जेतेपद मिळवले. तरीही गावोगावच्या घरांत त्यांचे नाव पोहोचले ते प्रामुख्याने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील कांस्यपदकानंतर. कारण स्त्रियांचे मुष्टियुद्ध ऑलिंपिकमध्ये आलेच त्या वर्षी. मुठीतले बळ आधीही तेवढेच होते. दार उशिरा उघडले. २००६ साली त्यांच्याबरोबरच जगज्जेती झालेली मणिपूरचीच सरिता देवी किती जणांच्या स्मरणात आहे, हे वाचकांनी आपल्या मनाला विचारावे.

हे सारे आमच्या मनात घोळत होते ते आमच्या धर्मग्रामातील एका तरुणामुळे. सैन्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडे तो पहाटे मुष्टियुद्ध शिकत असे. त्याच्या वजनात परिसरात त्याला जोड नव्हती. निवडीच्या यादीत त्याचे नाव आले नाही. कारण कोणी सांगितले नाही, आणि विचारायला जावे असे वजनही त्याच्या घरच्यांकडे नव्हते. आता तो एका गोदामात रात्रपाळी करतो. एकदा तो आमच्याशी बोलताना म्हणाला, “फादर, मी हरलो असतो तर गोष्ट वेगळी. मला कोणी हरवलेच नाही.” हरलेल्या माणसाचे सांत्वन कसे करावे हे आम्हांला ठाऊक आहे, त्यासाठी शब्द आहेत, प्रार्थना आहेत. न हरवताच वगळलेल्या माणसासाठी आपल्या भाषेत शब्दच तोकडे. आम्ही त्याला बर्लीची हकिकत सांगितली. त्याने लक्षपूर्वक ऐकली आणि एकच प्रश्न केला: “मग त्याने कचऱ्याच्या गाडीवर काम किती वर्षे केले?” त्याला दिलासा नको होता. पुढचे आयुष्य माणसे कशी काढतात, हे त्याला हवे होते.

तेव्हापासून ‘गुण वर येतोच’ हे वाक्य आम्ही सोडून दिले आहे. गुण आपोआप वर येत नाही. त्याला कोणीतरी वर घ्यावे लागते. वजनदार नेत्यांनी शब्द टाकला तेव्हा हॅग्लर आत गेला. पत्रकाराने शोध घेतला तेव्हा लँगफर्डला अन्न मिळाले. जोड ठरवणारे, यादी करणारे, संधी देणारे आणि टाळ्या वाजवणारे, या सर्वांचे हात या प्रकरणात गुंतलेले आहेत. आपणही सारे कुठल्या ना कुठल्या फडाचे कारभारी असतो. शाळेच्या संघात, गायनवृंदात, नोकरभरतीत आपल्या एका सहीने एखाद्याचे दार उघडते आणि एका सबबीने बंद होते. जड जाईल, भारी पडेल, म्हणून कोणाला बाहेर ठेवले आहे काय, एवढे ज्याने त्याने तपासावे.

आणि जे बाहेरच राहिले, त्यांचे काय? त्यांच्यासाठी साक्षीदार लागतो. आर्ची मूर दोनशेच्या आसपास लढती लढला; मार्सियानोशी लढला, उतारवयात तरुण महंमद अलीशीही लढला. आपल्यासमोर उभा राहिलेला सर्वांत अवघड योद्धा कोण, असे त्याला विचारले की तो या जगप्रसिद्ध नावांच्या आधी चार्ली बर्लीचे नाव घेत असे. जगज्जेतेपद न मिळालेल्या, पिट्सबर्गच्या रस्त्यांवर कचरा उचलणाऱ्या माणसाचे नाव. पराभूताच्या अशा प्रामाणिक साक्षीचे मोल पट्ट्याहून कमी नाही. १९९२ साली आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध कीर्तिमंदिरात बर्लीचे नाव कोरले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो वारला.